आफ्रिकेत ग्रामविकासाचं काम करायचं असेल तर

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालंय, पाणलोटाच्या संस्थेत तीन वर्षं काम केलंय, वय सत्तावीस. आफ्रिकेत ग्रामविकासात करिअर करायचंय आणि पुढे 'पब्लिक सर्व्हिस लीडरशिप'मध्ये जायचंय. त्यासाठी इंग्लंडची एक वर्षाची मास्टर्स करावी का? कर्ज पस्तीस लाखांच्या घरात जाईल. शिवाय घरचे विचारतात, तिकडे सुरक्षित आहे का?

मी कृषी अभियंता. केनियात, आणि अधूनमधून इथिओपिया-टांझानियात, पाणी आणि शेतीविस्ताराच्या कामात बरीच वर्षं काढली, त्या जोरावर लिहितोय. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत फ्रेंचशिवाय पान हलत नाही, मोझांबिकमध्ये पोर्तुगीजशिवाय. तुम्हाला या दोन्ही येत नसाव्यात असं धरून पूर्वेकडचंच बोलतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ग्रामविकासाचं काम परक्या माणसाला करता येतं. सार्वजनिक सेवेतलं नेतृत्व त्या देशाच्या नागरिकांचं असतं, आणि ते तसंच असायला हवं. नायजेरियाचे अकिनवुमी अडेसिना २०११ ते २०१५ कृषिमंत्री होते. खताची खरेदी-वाटप सरकारी खात्याच्या हातून काढून अनुदानाचं व्हाउचर थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायची पद्धत त्यांनी बसवली. पुढे दहा वर्षं ते आफ्रिकन विकास बँकेचे अध्यक्ष होते. केनियात मकुएनी काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) पहिले गव्हर्नर किवुथा किब्वाना मूळचे कायद्याचे प्राध्यापक. २०१३ ते २०२२ या त्यांच्या दोन कारकिर्दींत कामं कुठली घ्यायची हे गावापासून वॉर्डापर्यंत आणि तिथून काउंटीपर्यंत पायरीपायरीने बैठका घेऊन ठरायला लागलं. गावच्या देखरेख समितीने सही केल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघेना. ग्रामसभेचा कोरम कागदावरच भरलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे केवढं मोठं आहे ते कळेल.

अशी खुर्ची तुम्हाला कधी मिळणार नाही, कुठलीही पदवी घेतलीत तरी. तुमची जागा तिच्या दोन टेबलं मागे. तिथे बसून अंदाजपत्रक नीट बनवून देणं, काम कुठे फसतंय ते वेळेत सांगणं, नवीन आलेल्या अधिकाऱ्याला फाइल समजावणं. मी हेच करत आलो आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही. तुम्हाला वाटेल का, याचं उत्तर मात्र कर्ज काढायच्या आधी स्वतःशी देऊन टाका. नेतृत्वाचीच ओढ असेल तर एमपीएससी द्या, बीडीओ व्हा. तो मार्ग तुमच्यासाठी उघडा आहे आणि धाराशिवला चांगल्या बीडीओंची गरज आहे.

आता समजा, दोन टेबलं मागची जागा चालेल. मग पहिलं काम म्हणजे 'आफ्रिका' सोडून एक देश धरणं, आणि त्या देशात सरकारचा पैसा नि अधिकार गावापर्यंत कसा पोचतो ते शिकणं. केनियाचंच घ्या. २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंट्या केल्या, २०१३ पासून त्या चालू झाल्या. शेती, पाणी, बरंचसं आरोग्य त्यांच्याकडे आलं आणि राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा घटनेनेच त्यांच्या नावे केला. ऐकायला आपली जिल्हा परिषद वाटते. पण गव्हर्नर थेट लोकांतून निवडून येतो आणि आयएएससारखी वरून आलेली फळी नसते. कृषी खात्याचे वरचे दोघे-तिघे गव्हर्नरने नेमलेले, काउंटीच्या विधानसभेने मंजूर केलेले. म्हणजे निवडणूक झाली की खुर्च्या फिरल्या. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. आज तुम्ही ज्या साहेबांशी सामंजस्य करार कराल ते तेव्हा घरी बसलेले असू शकतात.

याच्या शेजारी दुसरी रांग आहे, चीफ आणि असिस्टंट चीफ यांची. ते राष्ट्रीय सरकारचे, काउंटीचे नव्हेत. गावची सभा, तिथे तिला बराझा म्हणतात, भरवायची तर चीफचा शब्द लागतो. कामाचा पैसा काउंटीकडे. दोघांपैकी एकालाच विचारून सुरू केलेलं काम कसं लटकतं, ते सरपंच आणि ग्रामसेवकाची तोंडं दोन दिशांना असलेल्या गावात तुम्ही पाहिलंच असेल. आपल्याकडे मार्च एंड असतो, तिथे जून एंड. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, ट्रेझरीकडून हप्ते उशिरा येतात आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना एकदम खर्च करायचा असतो. तुमची योजना या वेळापत्रकात बसत नसेल तर ती कितीही छान असो, होणार नाही.

खुर्च्या फिरतात, पण वॉर्डाचा शेतीविस्तार अधिकारी टिकतो. आपला कृषी सहायक असतो तसा. तुमचं खरं काम याच्याबरोबर. याच्याकडे मोटरसायकल असते, पेट्रोल नसतं. पेट्रोल प्रकल्प देतात, म्हणून पाच प्रकल्प याच माणसाच्या मागे असतात. प्रत्येकाचा हजेरीचा तक्ता वेगळा, प्रत्येकाचा मासिक अहवाल वेगळा, प्रत्येकाला तोच शेतकरी गट 'लाभार्थी' म्हणून हवा. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल नंबर आणि सही. मोबाइल नंबर यासाठी, की प्रवासखर्च संध्याकाळी एम-पेसावर जमा होतो. २००७ पासून केनियात फोनवरून पैसे जातात, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून. नंबर लिहिताना एक आकडा चुकला की दुसऱ्या दिवशी पैसे न मिळालेली बाई दोन डोंगर ओलांडून त्या अधिकाऱ्याच्या दारात येते, तुमच्या नाही. मी नवीन माणसाला आधी विचारतो, 'तुझ्या येण्याने त्याचा एखादा फॉर्म कमी झाला का?' कमी झाला असेल तर तो अधिकारी तुम्हाला पुढची दहा वर्षं विसरणार नाही.

हे सगळं सांगितलं ते यासाठी, की तुमच्या जमेच्या बाजू कुठल्या ते कळावं. पदवीहून मोठ्या गोष्टी तुमच्याकडे आधीच आहेत, पण त्या जशाच्या तशा तिकडे नेता येत नाहीत. तीन उदाहरणं देतो.

पहिलं पाण्याचं. मचाकोस, किटुई, मकुएनी हा केनियाचा कोरडा पट्टा. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातला दुसरा जास्त भरवशाचा. नद्या पावसात काही दिवस वाहतात, एरवी कोरडी वाळू. तिथे नदीत खडकापर्यंत पाया नेऊन आडवी भिंत घालतात. दोन-चार पावसाळ्यांत भिंतीमागे जाडी वाळू काठोकाठ भरते आणि त्या वाळूच्या पोकळ्यांत पाणी साठतं, भरावाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. वरच्या दोन-तीन फुटांखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे पाणी उडून जात नाही. पाइप घालून हातपंपाने काढतात. आपला अभियंता पहिल्यांदा बघतो आणि म्हणतो, बंधारा बुजलाय, गाळ काढा! 'गाळमुक्त धरण' डोक्यात बसलेल्याला भरलेला बंधारा हेच यश आहे हे पचायला वेळ लागतो.

पण सगळीकडे हे चालत नाही. वरच्या पाणलोटात चिकण माती असेल तर वाळूऐवजी चिखल भरतो आणि मग खरोखरच बुजतो. म्हणून जागा ठरवायच्या आधी नदीतली मूठभर वाळू पारदर्शक बाटलीत घालायची, पाणी ओतून खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू लगेच खाली बसते. तिच्यावर गाळाचा थर किती जाड बसतो आणि पाणी किती वेळ गढूळ राहतं ते बघायचं. गावातली पोरंही ही परीक्षा करतात आणि निकाल सगळ्यांसमोर लागतो, त्यामुळे 'आमच्याच वाडीला बंधारा हवा' हे भांडण अर्धं तिथेच मिटतं. दगड गोळा करणं, वाळू-पाणी वाहणं हे गावचे गट करतात. या पट्ट्यातल्या कांबा लोकांत म्वेथ्या नावाची एकत्र राबायची जुनी चाल आहे, त्यात बहुतेक बायकाच असतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी असे बंधारे बांधलेत. बाहेरून यायचं ते सिमेंट, सळई आणि आराखडा. आणि हो, नैरोबीच्या बांधकामांना वाळू लागते, तेव्हा उपशाचं राजकारण तिथेही पेटलेलं आहे. मकुएनीने २०१५ मध्ये वाळूच्या संवर्धनासाठी कायदाच केला. सीना-मांजरा बघत वाढलेल्या माणसाला हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरं रोजगार हमीचं. इथिओपियात २००५ पासून 'सेफ्टी नेट' कार्यक्रम आहे. ७०-८० लाख लोकांना तो पोचला. अंगमेहनत करू शकणाऱ्यांनी माणशी महिन्याला पाच दिवस मृदसंधारणाची, रस्त्याची कामं करायची, मोबदला पैशात किंवा धान्यात; ज्यांना काम होत नाही त्यांना तसंच साहाय्य. १९७२ च्या दुष्काळातून आपली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, त्यामुळे मराठी माणूस तिथे गेला की लगेच 'हे तर आमचंच' म्हणतो. तसं नाही. आपल्याकडे जो काम मागेल त्याला द्यायचं, कायद्याने. तिथे गावची समिती गरिबांची यादी करते आणि यादीत असेल त्यालाच काम. त्यामुळे भांडण वेगळ्या जागी होतं. आपल्याकडे ते मागणी अर्जाची पोच देण्यावरून आणि मस्टर काढण्यावरून, तिथे यादीत नाव कोणाचं यावरून. तुम्ही मस्टर आणि मजुरीतली दिरंगाई जवळून पाहिलीय. तिथली सगळ्यात मोठी तक्रारही तीच, की मोबदला उपासमारीचे महिने उलटल्यावर हातात पडतो. मजुरी उशिरा का होते याची साखळी उलगडून दाखवता येणारा माणूस तिथे कोणालाही हवा असतो. 'इंडिया मॉडेल'चं सादरीकरण करणारे भरपूर येतात आणि जातात.

तिसरं तुरीचं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टांझानिया, मोझांबिक, मलावी इथे तूर पिकते आणि तिचा मोठा गिऱ्हाईक आपण. २०१६ मध्ये डाळ महागल्यावर भारताने मोझांबिकशी करार केला, दरवर्षी वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन तूर घ्यायची. पूर्व आफ्रिकेत विस्तार कार्यकर्ते, व्यापारी सगळे सांगत होते, तूर लावा, भारत घेतो. इकडे आपल्याकडे २०१६-१७ ला तुरीचं पीक अफाट आलं. बोनससह ५,०५० रुपये हमीभाव, बाजारात दर त्याच्या खाली, खरेदी केंद्रांवर बारदाना संपलेला आणि ट्रॅक्टरांच्या रांगा, हे तुमच्या घरच्यांनी भोगलं असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मागणी रास्त होती. तिकडे मात्र दक्षिण टांझानियातल्या शेतकऱ्याचे भाव कोसळले आणि दिल्लीत काय ठरलं हे त्याला व्यापाऱ्याच्या तोंडून कळलं. ज्यांनी त्याला तूर लावायला सांगितलं होतं त्यांना भारतातल्या पेरणीचा, पावसाचा, सरकारी साठ्याचा पत्ताच नव्हता.

ताई, लातूरच्या बाजारपेठेजवळ वाढलेली आणि डाळमिलचं गणित समजणारी माणसं आफ्रिकेतल्या शेती प्रकल्पांत बोटांवर मोजण्याइतकी आहेत. भारतात खरिपाची तूर कशी उभी आहे, आयात कधी खुली होते, कधी बंद होते, हे टांझानियात मोरोगोरोतल्या किंवा मोझांबिकमध्ये नाम्पुलातल्या अधिकाऱ्याला पेरणीआधी सांगणारं कोणी असलं तर ते खरं काम. तुम्ही एकच विषय निवडायचा म्हणाल तर मी हा सुचवेन. यात एक पेच येणार हेही सांगून ठेवतो. तिकडच्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळवून देताना तुमच्या वडिलांच्या तुरीचा भाव दिसेलच. तो पेच लपवू नका, दोन्हीकडे उघड बोला.

आता मास्टर्स आणि पैसा. २०२५ पूर्वी विचारलं असतंत तर कदाचित जा म्हणालो असतो. १ जुलै २०२५ ला यूएसएडचं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी मदतसंस्थेचं, काम अधिकृतपणे थांबलं. ब्रिटनने परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलंय. परिणाम असा, की नैरोबीत दहा-पंधरा वर्षं अनुभव असलेले, तीन भाषा बोलणारे केनियन व्यावसायिक नोकरी शोधतायत. त्यांच्यासमोर एक वर्षाची पदवी घेऊन आलेली भारतीय मुलगी संस्थेने का घ्यावी? परवान्याचीही अडचण आहे. नोकरीसाठी क्लास डी परमिट लागतं आणि हे काम करणारा केनियन माणूस मिळत नाही हे संस्थेला दाखवावं लागतं. शिवाय तुमच्याकडून शिकून पुढे ती जागा घेईल असा माणूसही नेमायचा असतो. मला ही अट योग्यच वाटते. पस्तीस लाखांचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस अशा बाजारात मिळेल ती नोकरी धरतो, आणि मग पाच वर्षं नैरोबीच्या ऑफिसात अहवाल लिहितो.

शिकायचंच असेल तर तिकडेच का नाही? मोरोगोरोचं सोकोइने कृषी विद्यापीठ, नैरोबी विद्यापीठ, कंपालाचं मकेरेरे. इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्लंडच्या मानाने खर्च खूपच कमी. मुख्य म्हणजे तुमच्या शेजारी बसलेली मुलं-मुली पुढे त्यांच्या जिल्ह्याच्या कृषी खात्यात जाणार. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाच्या वर्गात तुम्हाला मुंबई-दिल्लीचेच चार जण भेटतील. स्वाहिलीही तिथे राहून सहा-आठ महिन्यांत कामापुरती येते. रोमन लिपीत लिहितात आणि लिहिलं तसं वाचतात. केनियात इंग्रजीवर भागतं, टांझानियाच्या खेड्यात स्वाहिलीशिवाय तुम्ही मुक्या.

पदवीशिवायचे रस्ते: संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटासाठी किमान वय २७ आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, तुम्ही दोन्हीत बसता. पगार नसतो, पण निर्वाहभत्ता व्यवस्थित असतो. संयुक्त राष्ट्रांतल्याच ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसरच्या जागांच्या मागे लागू नका. त्यांचा पैसा दाता देश भरतात आणि बहुतेक त्या देशांच्याच नागरिकांसाठी. हैदराबादजवळ पटन्चेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिचं नैरोबीतही केंद्र आहे आणि तूर हा त्यांचा जुना विषय. तिथे प्रकल्प सहायक म्हणून दोन वर्षं काढलीत तर पूर्वेकडच्या माणसांशी आपोआप ओळखी होतील. अर्जासोबत प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडू नका. तुम्ही केलेल्या एकाच पाणलोटाबद्दल दोन पानं लिहा: किती हेक्टर, कुठली कामं, काय फसलं, कोणी अडवलं, देखभाल आज कोण करतंय. मी निवड समितीवर असतो तेव्हा शेवटचा प्रश्न हटकून विचारतो, आणि बहुतेक उमेदवार तिथेच अडखळतात.

भारतीय म्हणून कसं वागवतात, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. खेड्यात तुम्हाला आधी दुकानदार किंवा ठेकेदार समजतील. युगांडात १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं, केनियात २०१७ मध्ये त्यांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता मिळाली. दोन्हींच्या मधे कुठेतरी रोजचा अनुभव असतो. चीफच्या कार्यालयात व्हिजिटर्स बुकात सही करा, सभेच्या सुरुवातीच्या प्रार्थनेला उभ्या राहा, सगळ्यांची विचारपूस होईपर्यंत कामाचं बोलू नका. महिन्याभरात दुकानदार पुसला जातो.

आणि घरच्यांसाठी. सुरक्षितता देशागणिक, त्यातही जिल्ह्यागणिक बदलते. केनियाची सोमालियाला लागून असलेली ईशान्य सीमा वेगळी आणि मकुएनी वेगळं. इथिओपियात तर कुठल्या प्रदेशात कामाला जाता येईल हे त्या त्या वर्षी बघावं लागतं. जाण्याच्या किमान दहा दिवस आधी पिवळ्या तापाची लस घ्या, लशीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा, परतताना मुंबई विमानतळावर ते मागतात. हिवतापाचा ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. पण आईवडिलांना खरी भीती वाटायला हवी ती रस्त्याची. हेल्मेटशिवाय बोडा-बोडावर, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर, बसायचं नाही आणि अंधार पडल्यावर महामार्गावर निघायचं नाही. बऱ्याच संस्थांचा हा लेखी नियमच असतो. तुमच्या संस्थेचा नसेल तर तुम्ही स्वतःपुरता करा, आणि साहेब गाडीत बसून खोळंबले असले तरी मोडू नका.